हरण्यापुरतं तापमान

"सम्या, आज हरलास तर शिरा करते," आई म्हणाली.

इतरांच्या आया जिंकल्यावर शिरा करतात. आमच्याकडं त्या दिवशी धोरण उलटं होतं. आईनं हे वाक्य मुद्दाम कुकरच्या शिट्टीत मिसळून म्हटलं, कारण खिडकीपलीकडं परड्यात बाबा होते, आणि त्यांना नको ते नेमकं ऐकू यायचं.

"आणि जिंकलो तर?"

"तर बाबांचा अंगठा तू सांभाळ. मी चालले माहेरला."

माझे बाबा म्हणजे डॉ. शामराव मगदूम, गुरांचे डॉक्टर. दोन महिन्यांपूर्वी एका जर्सी गाईनं त्यांच्या उजव्या पायावर पाय दिला. अंगठ्याला जखम झाली. गाय ते विसरून गेली, जखम मात्र जायचं नाव घेईना. बाबांनी तिच्यावर गुरांच्या जखमेवर मारतात तो चंदेरी स्प्रे मारायला सुरुवात केली. त्यानं माश्या बसत नाहीत, हे कबूल. पण आमच्या घरात एक माणूस चंदेरी अंगठा घेऊन फिरत होता, सारखा पाणी पीत होता, सारखा लघवीला जात होता आणि वजनात निम्मा झाला होता.

"एकदा रक्त तपासून घ्या," आई म्हणायची.

"मी सोता डॉक्टर हाय."

"गुरांचे."

"गुरं बोलत न्हाईत, तरी मला कळतंय त्यास्नी काय होतंय. मी तर बोलतोय."

 यावर उत्तर फक्त डॉ. विद्याधर उपाध्ये यांच्याकडं होतं. ते गावातले माणसांचे डॉक्टर. बाबांचे जानी दोस्त, म्हणजे दोघं रोज संध्याकाळी एकमेकांचा अपमान करायला एकत्र बसायचे. उपाध्येकाकांनी लांबूनच अंगठा बघून निदान केलं होतं: साखर. बाबांनी लांबूनच ते फेटाळलं होतं. शेवटी चहाच्या गाड्यावर चारचौघांत पैज लागली. होड्यांच्या शर्यतीत जो हरेल, त्यानं जिंकणाऱ्याकडून स्वतःला तपासून घ्यायचं आणि तो सांगेल ते मुकाट्यानं करायचं.

होड्या म्हणजे खऱ्या नव्हेत. हातभर लांबीच्या, रिमोटवर चालणाऱ्या. काकांच्या पुतण्यानं पुण्याहून त्यांना एक पाठवली, आणि आठवड्याच्या आत बाबांनी तसलीच मागवली, कारण माणसांच्या डॉक्टरकडं आहे आणि गुरांच्या डॉक्टरकडं नाही अशी वस्तू गावात असणं त्यांना मान्य नव्हतं. अशा होडीचं मुठीएवढं इंजिन मागं बाहेरच्या बाजूला लटकतं. त्याचा एक पाय पाण्यात, पायाला पंखा, पंख्यामागं एक भोक. होडी पळाली की भोकातून तळ्याचं पाणी नळीत चढतं, इंजिनाच्या डोक्याभोवती फिरून त्याला गार करतं आणि बाजूनं बारीक धारेनं बाहेर पडतं. इंधनाचा एक स्क्रू असतो. आवळला की इंधन कमी जातं, इंजिन जोरात पळतं आणि तापतं. सैल केला की धूर सोडत, गारठत, कसंबसं चालतं. फार तापलं तर अडकून बसतं. एवढं कळलं की झालं, पण एवढं दोघांपैकी एकाही डॉक्टरला कळलं नव्हतं.

बाबांच्या दृष्टीनं ताप म्हणजे रोग. जनावराचे कान धरून ताप बघायची त्यांना सवय, तसं ते इंजिनाला बोट लावायचे, चटका बसला की "ताप हाय" म्हणायचे आणि उपचार वाढवायचे. पाण्याचं भोक त्यांनी दुप्पट मोठं केलं. मग गाईला कॅल्शियम चढवायची नळी कापून इंजिनाला दुसरी नळी जोडली. एकदा नेमका ताप कळावा म्हणून गुरांचा थर्मामीटर त्यांनी इंजिनाच्या धूर सोडायच्या नळीत घातला. गुरांच्या बाबतीत ती जागा तीच असते, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. थर्मामीटरचा पुढचा भाग पुन्हा कुणाला दिसला नाही. एवढ्या उपचारानंतर आमचं इंजिन कधीच तापलं नाही. ते सर्दी झालेल्या म्हशीसारखं फुरफुरत तळ्यातून जायचं आणि मागं निळा धूर सोडायचं.

म्हणजे हरायला काही अडचण नव्हती. अडचण एकच: होडी मी चालवणार होतो, आणि बाबा माझ्या खांद्यावर हात ठेवून उभे राहणार होते. मी मुद्दाम हरलो असं त्यांना वाटलं असतं तर पैज मोडली, आणि अंगठा गेला.

"मुद्दाम हरल्यागत वाटाय नको," आईनं कुकर उतरवताना शेवटची सूचना दिली. "हरला पायजेस."

गावतळ्याच्या बांधावर सगळा गाव जमला होता. कुस्तीच्या मैदानाचे निवेदक आण्णाप्पा कॉमेंट्रीला बसले होते, शेजारी हलगीवाला. आण्णाप्पांना होड्यांतलं काही कळत नव्हतं, पण माइक हातात आल्यावर ही अडचण त्यांना कधीच जाणवायची नाही.

"एका बाजूला जनावरांचा वैद्य! दुसऱ्या बाजूला माणसांचा वैद्य! आज बगूया कुणाचं औषध लागू पडतंय!"

तेवढ्यात उपाध्येकाका आले. पुढं त्यांचा कंपाउंडर भीमगोंडा, डोक्यावर होडी घेऊन, आणि होडीवर एक काठी रोवून तिला उलटी टांगलेली सलाइनची बाटली.

 आमच्या गावात सलाइनला फार मान आहे. ताप असो, कंबर धरलेली असो, सुनेशी भांडण झालेलं असो, माणूस दवाखान्यात जाऊन "एक सलाइन लावा" म्हणतो. होडीला सलाइन लागलेलं बघून दोघाचौघांनी हात जोडले.

"हे काय डॉक्टर?" बाबांनी विचारलं.

"तुमच्या या तळ्यात म्हशी डुंबतात, मगदूम. ते पाणी मी माझ्या इंजिनात जाऊ देणार नाही. निर्जंतुक सलाइन. थेंब थेंब. प्रवाह हवा तसा कमीजास्त करता येतो."

"बाटली संपली तर?"

"भीमगोंडाकडं दुसरी आहे."

काकांकडं ताप बघायला करोनाच्या काळातली ती कपाळावर रोखायची बंदूकही होती. त्यांनी ती इंजिनावर रोखली. इंजिन बंद होतं. आकडा माणसाच्या तापाइतकाच आला. काकांनी समाधानानं मान डोलावली. गावातल्या सगळ्यांचाच ताप त्या बंदुकीनं कायम तेवढाच दाखवला होता.

मग ते मला हातानं खूण करून बाजूला घेऊन गेले. म्हणजे चार पावलं चालले, आणि बांधाच्या दगडावर बसले. त्यांना दम लागला होता.

"काय झालं काका?"

"तुमच्या इंजिनाचा धूर रे. रात्रीसुद्धा खोकला येतो." त्यांनी आवाज खाली आणला. "आईचा निरोप मिळाला ना?"

"शिऱ्यासकट."

"सम्मेद, हे बघ. मी तुझ्या बाबांना वीस वर्षं ओळखतो. तो माणूस कुणाच्या बापाचं ऐकणार नाही, पण पैजेचं ऐकेल. मी जिंकलो की पाच मिनिटांत रक्त घेतो. अजून महिनाभर गेला तर तो अंगठा कापावा लागेल, आणि मग गोष्ट अंगठ्यावर थांबत नाही."

"तुम्ही फक्त शर्यत पुरी करा काका," मी म्हणालो. "बाकी आमचं इंजिन बघून घेईल."

मी हे फार आत्मविश्वासानं म्हणालो.

शर्यत पाच फेऱ्यांची होती. तळ्यात ट्रॅक्टरच्या दोन ट्यूबा तरंगत सोडलेल्या, त्यांना वळसा घालायचा. मध्ये होडी काठाला आणून दुरुस्त करायला परवानगी होती; आण्णाप्पांनी त्या जागेला "दवाखाना" असं नाव दिलं. हलगी वाजली, दोन्ही होड्या सुटल्या.

पहिली फेरी अगदी मनासारखी झाली. काकांची होडी सलाइनची बाटली डुलवत तीरासारखी पुढं गेली. आमची मागून फुरफुरत, खोकत, धूर काढत. बाबांचा हात माझ्या खांद्यात रुतत होता.

"दाब की लेका!"

"पूर्ण दाबलंय बाबा."

"मग ही अशी का चाललीय?"

"तिला बरं वाटत नाही."

"ताप न्हाई ना?"

"अजिबात नाही."

"मग झालं तर," बाबा म्हणाले, पण त्यांच्या आवाजात काळजी होती.

दुसऱ्या फेरीत काकांच्या होडीनं एक विचित्र शिट्टी मारली आणि ती तळ्याच्या मधोमध थांबली. इंजिनातून वाफ निघाली. भीमगोंडा कंबरभर पाण्यात शिरून तिला दवाखान्यात घेऊन आला. काकांनी बंदूक रोखली. बंदुकीनं आकडा दाखवायचं बंद केलं. माणसाला येऊ शकेल एवढ्याच तापाचे आकडे तिला माहीत होते.

"प्रवाह वाढव," काका म्हणाले.

"वाढवलाय सायेब. थेंब म्हटल्यावर थेंब पडंना."

"बाटली बदल."

बाटली बदलली. थेंब पडेना. मी लांबून बघत होतो आणि माझ्या डोक्यात उजेड पडत होता. सलाइन म्हणजे मिठाचं पाणी. तापलेल्या इंजिनाभोवती रोज सरावाला मिठाचं पाणी उकळवलं, की पाणी जातं आणि मीठ राहतं. काकांनी महिनाभर अत्यंत स्वच्छतेनं, अत्यंत निर्जंतुकपणे आपल्या इंजिनाच्या डोक्यात मिठागर तयार केलं होतं.

आता मी काय करणार? समोरचा जागेवरून हलत नाही, आणि माझी होडी खोकत खोकत का होईना, पुढं जातेय. सर्दी झालेली म्हैस थांबलेल्या घोड्याच्या पुढं जातेच. तिसऱ्या फेरीत मी काकांच्या पुढं होतो. बांधावर आई दिसली. ती माझ्याकडं बघत होती, आणि त्या नजरेत शिरा कुठंच नव्हता.

तेव्हा मला ती कल्पना सुचली. समोरच्याचं इंजिन तापून अडकलं, तर माझंही अडकू शकतं. इंजिन अडकणं हा अपघात. त्यात कुणाचा दोष नसतो. त्यावर बाबा शंका घेणार नाहीत.

"बाबा, जरा दवाखान्यात घेतो," मी म्हणालो. "धूर फार वाटतोय."

"बग बग. नळ्या बग."

मी होडी काठाला घेतली, खाली वाकलो आणि पाठ बाबांकडं केली. खिशात कपडे वाळत घालायचे चिमटे होते. सकाळी आईला कपडे काढून दिले होते. बाबांनी जोडलेल्या दुसऱ्या नळीला एक चिमटा लावला. तिचं पाणी बंद. पहिल्या नळीलाही अर्धवट एक लावला. मग इंधनाचा स्क्रू आवळला, चांगला दोन वळसे. आता हे इंजिन तापणार. तापून तापून समोरच्या ट्यूबपाशी अडकणार. मनातल्या मनात मी त्याची क्षमा मागितली आणि होडी सोडली.

होडीनं पहिल्यांदा एक ढेकर दिला. मग धूर थांबला. मग तिचा आवाज बदलला. इतके दिवस भांडं घासल्यासारखा येणारा आवाज एकदम मोकळा झाला, चढत गेला, आणि होडीनं नाक वर केलं.

"आरं!" बाबा म्हणाले.

होडी पळाली. ती पळाली म्हणजे अशी पळाली, की मी रिमोट फिरवेपर्यंत पहिल्या ट्यूबपाशी पोचली. आमचं इंजिन आयुष्यात पहिल्यांदा गरम झालं होतं. त्याला ताप कधी आलाच नव्हता; ते बिचारं महिनाभर बर्फात बसल्यासारखं कुडकुडत होतं, आणि बाबा त्याच्यावर आणखी पाणी ओतत होते. मी त्याला मारायला गेलो आणि बरं करून बसलो.

"काय केलंस रं सम्या?"

"काही नाही बाबा. जरा नळ्या बघितल्या."

"शाब्बास! वैद्याचा पोरगा!"

मी आता थेट ट्यूबवर आपटायचं ठरवलं. होडी ट्यूबवर आदळली, रबरावरून उडाली, हवेत एक वळसा घेतला आणि पलीकडं बरोबर दिशेला तोंड करून पडली. वळायला लागणारा वेळ वाचला.

"काय डाव! काय डाव!" आण्णाप्पा माइकमध्ये किंचाळले. "पट काढून पलीकडं! सम्मेद मगदूम, पाण्यातला पैलवान!"

तिकडं भीमगोंडानं इंजिनात एक फुंकर घातली. मीठ उडालं असावं, कारण काकांची होडी निघाली, आणि माझ्या जिवात जीव आला. मी सरळ हात सोडला. वेगाची लिव्हर पूर्ण सोडून दिली. मुद्दाम हरल्यागत वाटलं तर वाटू दे, पुढचं पुढं बघू.

होडी थांबली नाही.

हे मला नंतर समजलं, की इंधन फार कमी करून इंजिन तापवलं, तर हात काढला तरी ते वेग सोडत नाही, आपल्याच तंद्रीत पळत राहतं. तेव्हा मला एवढंच दिसलं, की मी काहीच करत नाही आणि माझी होडी शेवटची फेरी पूर्ण करतेय. काकांची होडी तिसऱ्या फेरीत, सलाइन डुलवत, हळूहळू. मी रिमोट हातात घेऊन तळ्याच्या काठी उभा, आणि मला कुणी विचारत नव्हतं.

आमची होडी शर्यत संपायच्या खुणेची दोरी ओलांडून थेट गवतात घुसली, तिथं शेवटी इंजिन अडकलं आणि धाडकन बंद झालं. नेमकं मला हवं तसं. फक्त शर्यत संपल्यावर.

गुलाल उडाला. बाबांनी मला उचलायचा प्रयत्न केला, अंगठा दुखला, खाली ठेवलं. आई बांधावरून निघून गेली होती.

"पैज!" गर्दीतून कुणीतरी ओरडलं. "डॉक्टरला तपासा!"

तळ्याच्या शेजारीच जनावरांचा सरकारी दवाखाना. बाहेर खोडा. म्हणजे बैलाला इंजेक्शन देताना उभं करतात तो लोखंडी पाइपांचा पिंजरा. गर्दीनं हसत हसत काकांना त्यात नेऊन उभं केलं. काका खिलाडूपणे उभे राहिले, पण पाइप धरून. आण्णाप्पा माइक घेऊन तिकडं आले. बाबांनी बाह्या वर केल्या.

"नाव?"

"विद्याधर."

"गावठी का संकरित?"

"गावठी," काका म्हणाले. लोक खिदळले.

बाबांनी भीमगोंडाकडं वळून मालकाला विचारतात तसं विचारलं, "वैरण खातंय का नीट?"

"दोन घास खाऊन सोडत्यात."

"रवंथ?"

"रवंथ न्हाई, पन रातभर बसून असत्यात."

पुन्हा हशा. बाबाही हसत होते. मग त्यांचं हसणं जरा कमी झालं.

"बसून म्हंजे?"

"आडवं पडलं की दम कोंडतोय म्हनत्यात. खुर्चीतच झोपत्यात. वैनी पुण्याला पोराकडं गेल्यापास्नं असंच चाललंय."

"भीमगोंडा, गप्प बस," काका म्हणाले.

बाबांनी काकांची हनुवटी धरून मान बाजूला वळवली. जनावराची वळवतात तशीच, न विचारता. मानेवरची शीर जबड्यापर्यंत फुगलेली होती. बाबा खाली वाकले, काकांची पँट पोटरीवर सरकवली आणि नडगीवर अंगठा दाबला. उचलला. खड्डा तसाच राहिला. त्यांनी थोडं वर दाबलं. तिथंही राहिला.

आण्णाप्पा म्हणत होते, "आता शेपटी बघणार काय?" बाबांनी मागं न बघता हात वर केला. हलगी थांबली.

"डॉक्टर," बाबा म्हणाले, "हे कधीपास्नं?"

"ॲसिडिटी आहे, मगदूम."

"तार गिळल्याली म्हस असतीया, तिची मान अशी दिसती. मालक मला सांगतोय, अपचन झालंय. मी बगतो तर काळजाभोवती पाणी झाल्यालं असतंय."

"मी म्हैस नाही."

"म्हस असता तर सोपं होतं. मालकाला शिव्या घातल्या असत्या. बैल असता तर आज तुम्हाला जुंपू दिलं नसतं. जुंपणाऱ्याच्या कानाखाली काढली असती."

 गर्दीतला हशा आता संपला होता, पण कुणी जात नव्हतं.

"तुम्हाला कळलं न्हवतं, असं सांगू नका," बाबा म्हणाले.

"कळलं होतं." काकांचा आवाज एकदम बारीक आला. "सगळा गाव माझ्याकडं येतो. मी कुणाकडं जाऊ? डॉक्टरच आजारी म्हटल्यावर लोक काय म्हणतील?"

"लोक काय म्हणत्यात ते ऐकायला जिवंत ऱ्हावं लागतंय." बाबांनी खोड्याचा दांडा काढला. "काय ठरलं होतं? जिंकंल तो सांगंल ते मुकाट्यानं करायचं. चला सांगलीला. सम्या, गाडी काढ."

गाडी मी चालवली. मागं दोघं बसले होते आणि कुणी कुणाचा अपमान करत नव्हतं, म्हणून मला भीती वाटत होती. वाटेत आईचा फोन आला.

"जिंकलास," ती म्हणाली. आरोप केल्यासारखं.

"हो."

"बाबा कुठं आहेत?"

"दवाखान्यात चाललेत. सांगलीला."

"म्हणजे हरले?"

"नाही, जिंकले म्हणून चाललेत."

 "सम्या, तू जरा नीट सांगशील का?"

"पोचल्यावर सांगतो," मी म्हणालो, कारण मलाही अजून नीट समजलं नव्हतं.

दवाखान्यात काउंटरवरच्या मुलीनं मान वर न करता विचारलं, "पेशंट कोण?"

बाबांनी काकांकडं बोट दाखवलं. काकांनी बाबांच्या पायाकडं बोट दाखवलं. मुलीनं मान वर केली. अंगभर गुलाल लागलेला एक चंदेरी अंगठ्याचा माणूस, आणि त्याचा दंड धरून कसाबसा उभा असलेला दुसरा.

"दोन केसपेपर काढा," मी म्हणालो.

काकांना लगेच आत घेतलं. वायरी लागल्या, नाकात ऑक्सिजनची नळी आली. तरुण डॉक्टरनं छाती तपासली, कागदाची पट्टी वाचली आणि विचारलं, "यांना इथं कुणी पाठवलं?"

"मी," बाबा म्हणाले.

"तुम्ही डॉक्टर?"

"गुरांचा."

तरुण डॉक्टर क्षणभर बाबांकडं बघत राहिला. "आज आणलंत ते बरं केलंत," तो म्हणाला. "लगेच इंजेक्शन देऊ या."

"थांबा," काका म्हणाले. त्यांना बोलायला त्रास होत होता, पण त्यांनी हात आडवा धरला. "आधी त्याचं रक्त घ्या. साखर बघा. तोवर मी टोचून घेणार नाही."

"पैज मी जिंकलोय!" बाबा म्हणाले.

"म्हणून तर मी इथं पडलोय. आता मी पेशंट आहे. पेशंट हट्ट करतात. तुला माहीत आहे."

"डॉक्टर, वेडेपणा करू नका."

"मग बोट पुढं कर."

बाबांनी बोट पुढं केलं नाही. दोन्ही हात मागं नेले. नर्स सुई घेऊन उभी होती आणि बाबा भिंतीकडं बघत होते. त्यांच्या कपाळावर गुलालातून घामाचे ओघळ येत होते. मी त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं. पिसाळलेल्या बैलापुढं उभं राहताना मी त्यांना पाहिलं होतं, तेव्हाही नाही.

"मगदूम," काका हळूच म्हणाले. "सुई?"

बाबांनी मान हलवली. होय म्हणून.

तीस वर्षं त्यांनी तालुक्यातल्या प्रत्येक गोठ्यात सुया टोचल्या होत्या. गाई, म्हशी, रेडे, एकदा सर्कशीतला उंट. मला हसू यायला हवं होतं. भीमगोंडा असता तर तो हसला असता. काका हसले नाहीत.

"इतकी वर्षं मला वाटत होतं, तू गर्वानं येत नाहीस."

"गर्व परवडला," बाबा म्हणाले. "लोकास्नी सांगता येतोय."

"जनावर बुजलं तर काय करतोस?"

"मालकाला सांगतो, डोकं छातीशी धर. सुई दिसली न्हाई की जनावर हलत न्हाई."

काकांनी वायरी नसलेला हात वर केला.

"ये."

 बाबा वाकले आणि कपाळ काकांच्या खांद्यावर टेकवलं. काकांनी त्यांच्या डोक्यावर हात ठेवला आणि डोळे झाकले, बाबांचे. नर्सनं बाबांचा हात मागून हळूच ओढून घेतला. सुई गेली. बाबांचा चंदेरी अंगठा फरशीवर एकदा आखडला. मशीनवर आकडा आला, तो बघून नर्सच्या भुवया वर गेल्या. तरुण डॉक्टर खाली बसून जखम बघत होता. त्यानं बोटांनी चाचपलं, वास घेतला, माझ्याकडं बघितलं.

"आठवडाभर उशीर झाला असता तर कापला असता," तो म्हणाला. "राहील."

मी बाहेर जाऊन आईला फोन करणार होतो, पण पाय निघेना. दुसऱ्या नर्सनं काकांच्या दंडात इंजेक्शन दिलं, तेव्हा काकांनी तिकडं बघितलंसुद्धा नाही.

"झालं हो कधीच," पहिली नर्स बाबांना म्हणाली. "उठा आता."

बाबा उठले नाहीत.

"राहू दे, सिस्टर," नळीआडून काका म्हणाले. "जनावर आपलं आपण उठतं."